हायपोस्पेडियास : पहिली शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यानंतर

वार्षिक अहवालाच्या या पानांत दरवर्षी एका आजाराची व त्यावरील उपचारांची माहिती आपणांसमोर ठेवण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाच्या विषयाची निवड विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघालेल्या एका प्रश्नातून झाली. रुग्ण साहाय्य निधीची नोंदवही चाळताना एका सन्माननीय विश्वस्तांच्या असे लक्षात आले, की एकाच बालकाचे नाव तीनदा आले आहे आणि तिन्ही वेळा शस्त्रक्रियेचे नावही जवळपास तेच आहे. ही नोंद दुबार झाली आहे काय, आणि तसे नसल्यास आधीचा खर्च वाया गेला असे समजावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न निराळ्या शब्दांत पालकही विचारतात. "ऑपरेशन झालं होतं ना साहेब, मग पुन्हा का?" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्चाच्या नजरेने पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, हे आम्ही जाणतो. त्याचे उत्तर मात्र खातेवहीत नसून शस्त्रक्रियागृहात आहे. आमच्या बालशल्यचिकित्सकांकडून ते समजून घेऊन येथे सादर करीत आहोत.

मुलग्याच्या लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाला असावयाचे, ते खालच्या बाजूस कोठेतरी असणे, या जन्मजात व्यंगास हायपोस्पेडियास म्हणतात. गर्भावस्थेच्या साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यांच्या दरम्यान मूत्रमार्गाच्या दोन कडा जवळ येऊन त्यांची नळी तयार होते. हे काम अर्ध्यावर थांबले, की जेथे थांबले तेथे छिद्र राहते. बहुसंख्य मुलांत ते टोकाजवळ असते. काहींत मध्यभागी, तर थोड्यांत थेट अंडकोशाच्या पिशवीपाशी किंवा तिच्याही मागे. बरोबरीने शिश्नास खालच्या बाजूने बाक असू शकतो आणि अग्रत्वचा वरच्या बाजूस टोपरासारखी गोळा झालेली असते. साधारणतः दर २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात हे व्यंग आढळते. म्हणजे ते दुर्मीळ नाही. त्याविषयी बोलणे तेवढे दुर्मीळ आहे. भावाचे हृदयाचे ऑपरेशन झाले तर सारे गाव विचारपूस करते. या मुलाचे ऑपरेशन सख्ख्या काकालाही ठाऊक नसते.

ग्रहणात आईने काही चिरले, कापले, शिवले म्हणून असे झाले, हा समज आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून ऐकू येतो आणि तो ऐकविणारी बहुधा मुलाची आजी असते. याला काहीही आधार नाही. बहुतेक मुलांत एकच एक कारण सापडत नाही. घराण्यात वडिलांना किंवा भावाला हे व्यंग असेल तर शक्यता वाढते, आणि जन्मतः वजन कमी असलेल्या मुलग्यांत ते अधिक दिसते, एवढे ठामपणे सांगता येते. ग्रहण पाळलेल्या आणि न पाळलेल्या दोन्ही घरांत ही मुले जन्मतात. आईला दोष देणे थांबले तर मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचते, असा आमचा अनुभव आहे.

वेळेवर म्हणजे केव्हा? पहिली शस्त्रक्रिया सहसा वयाच्या सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी असे आज मानले जाते. त्या वयात जखम लवकर भरते आणि मुलाला पुढे आठवणही राहत नाही. एक सूचना येथेच देतो, कारण ती उशिरा कळून उपयोग नाही. ज्या कुटुंबांत सुंतेची प्रथा आहे त्यांनी अशा मुलाची सुंता शल्यचिकित्सकास विचारल्याविना करू नये. टोपरासारखी जमलेली ती अग्रत्वचा म्हणजे नळी बांधण्याचे घरचे साहित्य होय. एकदा ती कापून टाकली की पुन्हा मिळत नाही.

शस्त्रक्रियेच्या पद्धती शेकड्यांनी वर्णन केलेल्या आहेत, आणि ज्या आजाराला इतके उपाय तो आजार सोपा नसतो, हे आमच्यासारख्या बिगरवैद्यकीय माणसालाही कळते. सध्या सर्वाधिक वापरात असलेली पद्धत अमेरिकेतील डॉ. वॉरन स्नॉडग्रास यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात उघड्या राहिलेल्या मूत्रमार्गाच्या पट्टीला मधोमध उभा छेद देऊन ती रुंद करतात व तिचीच नळी शिवतात. छिद्र टोकाजवळ असलेल्या बहुतांश मुलांना ही एकच शस्त्रक्रिया पुरते. ती मुले बरी होऊन जातात आणि त्यांची नावे आमच्या नोंदवहीत पुन्हा येत नाहीत.

हा लेख उरलेल्या मुलांविषयी आहे. एवढ्या लहान अवयवात, केसाहून बारीक टाक्यांनी शिवलेल्या नळीतून काही दिवसांतच लघवी वाहू लागावयाची असते. एखाद्या ठिकाणी रक्तपुरवठा अपुरा पडला, जंतुसंसर्ग झाला, किंवा कॅथेटर ओढला गेला, तर शिवण उसवते. मूळ छिद्र जितके मागे, तितका हा धोका अधिक. शस्त्रक्रिया निष्णात हातांनी झाली तरीही हे घडते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. आधीच्या डॉक्टरांना बोल लावत येणाऱ्या पालकांस आम्ही हेच सांगतो. मात्र वर्षातून मोजक्याच अशा शस्त्रक्रिया होतात तेथे न जाता, त्या नियमितपणे होतात तेथे मूल न्यावे, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

अपयशाची रूपे अनेक आहेत. सर्वांत नेहमीचे म्हणजे फिस्टुला : लघवी टोकातून येतेच, पण वाटेत पडलेल्या बारीक छिद्रातूनही तिची दुसरी धार लागते. काहींत टोकाचे छिद्र आकसते आणि मूल कुंथून, लांबवर, बारीक धारेने लघवी करते. काहींत संपूर्ण शिवण उलगडून मूल पुन्हा आरंभास येते. बाक पुरता न गेल्यास तो वयात येताना ठळक होतो. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या विकारात तेथील कातडी पांढुरकी व कडक होत जाते आणि नळी आतून अरुंद होते. पूर्वी अंडकोशाच्या पिशवीची कातडी वापरून नळी केलेल्या काही रुग्णांत तर वयात आल्यावर नळीच्या आत केस उगवले आणि त्यांवर खडे धरले.

अनेक अयशस्वी शस्त्रक्रिया झालेल्या अशा रुग्णासाठी १९७० मध्ये हॉर्टन व डिव्हाइन या अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या एका लेखात 'हायपोस्पेडियास क्रिपल', म्हणजे 'पंगू', असा शब्द आला आणि तो वैद्यकीय लिखाणात रूढ झाला. आमच्या केसपेपरवर हा शब्द लिहिला जाऊ नये अशी आमची विनंती आहे. शाळेच्या मुतारीत इतर मुलांशेजारी उभे राहणे टाळून जो मुलगा दिवसभर पाणीच पीत नाही, त्याला आणखी एका विशेषणाची गरज नाही.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड का, हे समजले की नोंदवहीतील तीन नोंदींचा अर्थ लागतो. प्रत्येक अपयश साहित्य खाऊन जाते. अग्रत्वचा संपलेली असते. उरलेल्या कातडीत व्रण असतात आणि व्रणाच्या ऊतीत रक्तपुरवठा कमी असतो. जेथे रक्त कमी पोहोचते तेथे टाका धरत नाही. म्हणून मागच्या शस्त्रक्रियेनंतर किमान सहा महिने थांबावयाचे असते, जेणेकरून सूज पूर्ण ओसरून कातडी मऊ पडावी. पालकांना हा काळ निव्वळ चालढकलीचा वाटतो. वास्तविक तो उपचाराचाच भाग असतो.

साधा फिस्टुला असेल तर सहा महिन्यांनंतर एका छोट्या शस्त्रक्रियेत तो बंद करता येतो. तत्पूर्वी पुढची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे लागते. नळ पुढे तुंबलेला असताना मागच्या गळतीवर लावलेले एमसील टिकत नाही, तसेच येथेही घडते. त्यासाठी लघवीच्या धारेचा वेग मोजणे, दुर्बिणीतून नळी पाहणे, क्वचित औषध सोडून क्ष-किरण चित्र घेणे या तपासण्या होतात. दोन्ही अंडकोश जागेवर हाताला लागत नसतील तर गुणसूत्रांची तपासणीही आवश्यक असते, आणि ती खरे तर पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवी.

जेथे साहित्यच संपले आहे तेथे ते दुसरीकडून आणावे लागते. ते आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शेजारची कातडी देठासह उचलून वळविणे. देठातून रक्त वाहते राहते, म्हणून ती जगते. पुणेकरांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट येथे सांगितल्याविना राहवत नाही. इंग्रज व टिपू सुलतान यांच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी देठासह खाली वळवून नवे नाक बसविले. नाक रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, तो देठ कापावयाचा अशी त्याची रीत होती. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि हे तंत्र युरोपभर गेले. त्या कारागिराचे नाव मात्र त्या लेखात नाही.

दुसरा मार्ग कलमाचा. येथे देठ नसतो. तुकडा पूर्णपणे सुटा करून नव्या जागी लावतात आणि तो तेथे रुजावा लागतो. आंब्याच्या कलमाप्रमाणे येथेही बांधणी घट्ट हवी व हालचाल वर्ज्य. पहिले दोन दिवस हा तुकडा खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या त्याच्यापर्यंत पोहोचू लागतात. या काम्यांसाठी सर्वोत्तम ठरलेला तुकडा गालाच्या आतील अस्तराचा आहे. ते अस्तर मुळातच ओलाव्यात राहणारे, जाड, चिवट, केसविरहित असते आणि घेतलेली जागा काही आठवड्यांत भरून येते. ग्रॅहम हंबी यांनी १९४१ मध्ये इंग्लंडात हायपोस्पेडियाससाठी ते वापरल्याची नोंद आहे. पुढे ते अर्धशतक विस्मरणात गेले आणि १९९२ मध्ये जर्मनी व इटलीतील शल्यचिकित्सकांनी ते पुन्हा प्रचारात आणले.

आपल्याकडे या संदर्भात एक निराळीच अडचण आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-सुपारीची सवय किशोरवयातच लागलेली मुले आपण पाहतो. सुपारीने गालाचे अस्तर ताठर व पांढुरके होते, तोंड पुरते उघडत नाही, आणि असे अस्तर कलमासाठी घेता येत नाही. ज्या मुलाला आणखी एखादी शस्त्रक्रिया लागण्याचा संभव आहे, त्याचे गाल ही त्याची राखीव पुंजी आहे. हे त्याला, तो दहा-बारा वर्षांचा झाला की, वडिलांनी सांगावे.

आता दोन टप्प्यांविषयी. इंग्लंडातील एव्हार ब्राका यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार पहिल्या टप्प्यात व्रणाची कातडी काढून टाकतात, बाक सरळ करतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गालाचे अस्तर सपाट पसरून शिवतात. त्यावर घट्ट ड्रेसिंग बांधतात, ते साधारण पाच ते सात दिवस हलवीत नाहीत. मूल काही दिवस मऊ, थंड, बिनतिखटाचे अन्न घेते. किमान सहा महिन्यांनंतर, कलम मऊ व गुलाबी राहिले आणि आकसले नाही याची खात्री झाली, की दुसऱ्या टप्प्यात त्याच पट्टीची नळी करतात. कलम कोठे आकसले असेल तर तेवढ्या भागात आणखी एक तुकडा लावावा लागतो. मग दोनाचे तीन टप्पे होतात. नोंदवहीतील ते बालक यांपैकीच एक.

या दोन टप्प्यांमधला काळ आम्हांस सर्वाधिक काळजीचा वाटतो. पहिल्या टप्प्यानंतर लघवीचे छिद्र पूर्वीपेक्षाही मागे गेलेले असते आणि पुढे सपाट लालसर पट्टी दिसते. म्हणजे मूल दाखल होताना होते त्याहून बिघडलेले दिसते. सातारा, सोलापूर, बीड वा अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेले आई-वडील ते पाहून खचतात. गावात कोणाला दाखविता येत नाही, विचारता येत नाही. तेवढ्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो किंवा सुट्टी मिळत नाही, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख चुकते. घर बांधावयास घेऊन जोत्यापाशी काम थांबावे, तशी ही अवस्था. कलम रुजलेले असते, अवघड काम बहुतांशी पार पडलेले असते, आणि मूल मात्र बसून लघवी करीत मोठे होत राहते. यास्तव पहिल्या टप्प्यानंतर घरी जाताना पालकांना चित्र काढून समजावून देण्याचा आणि दुसऱ्या टप्प्याच्या महिन्याभर आधी आमच्या समाजसेवा विभागाने दूरध्वनी करण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. दूरध्वनी करताना आजाराचे नाव घेतले जात नाही, 'तपासणीची तारीख' एवढेच सांगितले जाते. फोन शेजाऱ्याचाही असू शकतो.

यश किती, हे देणगीदारांनी विचारणे योग्यच आहे. इटलीतील डॉ. ग्वीदो बारबाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटली आणि सर्बियातील केंद्रांत आलेल्या अशा १,१७६ अयशस्वी रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत पुनर्रचनेनंतर सुमारे ८८ टक्के रुग्णांचा परिणाम यशस्वी गणला गेला. हे आकडे याच कामास वाहिलेल्या, प्रदीर्घ अनुभव असलेल्या हातांचे आहेत, तेव्हा ते सर्वत्र जसेच्या तसे लागू करणे बरे नव्हे. तरीही 'आता याचे काही होणार नाही' असे ऐकून घरी बसलेल्या कुटुंबाला त्यांत मोठा आधार आहे.

या रुग्णांत प्रौढ पुरुषही अनेक असतात. लहानपणी नीट झालेली नळी विशी-तिशीत अरुंद होते आणि माणूस लग्नाच्या तोंडावर किंवा लग्नानंतर, कोणाला न सांगता, एकटाच येतो. लांबलचक अरुंद झालेल्या मूत्रमार्गासाठी गालाच्या अस्तराचे कलम एकाच बाजूने शिरून लावण्याची पद्धत पुण्याचेच डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि बारबाली हे त्या लेखाचे सहलेखक होते. कावसजीच्या नाकानंतर पुण्याने जगाला दिलेले हे आणखी एक पुनर्रचनेचे तंत्र, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. तात्पर्य इतकेच, की शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची तपासणी तो वयात येऊन पूर्ण वाढेपर्यंत होत राहिली पाहिजे. बालशल्यचिकित्सकाकडून प्रौढांच्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाताना कागद हरवतात आणि माणूसही.

खर्चाविषयी थोडे. शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये सुरू झाली व २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते. तिच्या यादीत हायपोस्पेडियासच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या दोहोंतून शस्त्रक्रियेचा प्रश्न बव्हंशी सुटतो. सुटत नाही तो बापाच्या बुडालेल्या मजुरीचा, आईसोबत आलेल्या धाकट्या भावंडाच्या जेवणाचा, आणि ड्रेसिंग सुटेपर्यंत पुण्यात कोठे राहावयाचे याचा. शिवाय 'एका रुग्णास एकदा साहाय्य' अशी अट घालून आलेल्या काही देणग्या पहिल्या टप्प्यावरच संपतात.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवला आहे, की या मुलांचे साहाय्य शस्त्रक्रियेगणिक मंजूर न करता संपूर्ण उपचारासाठी एकदाच मंजूर करावे, दुसऱ्या टप्प्याची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढून त्या बालकाच्या नावे राखून ठेवावी, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात धरावा. देणगीदारांनी आपल्या देणगीपत्रातील अट त्यानुसार बदलून द्यावी, अशी नम्र विनंती आहे. नोंदवहीतही यापुढे 'टप्पा पहिला', 'टप्पा दुसरा' असा रकाना राहील.

ज्या पालकांच्या मुलाची शस्त्रक्रिया पूर्वी अन्यत्र झाली आहे त्यांनी येताना जुनी डिस्चार्ज कार्डे, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि क्ष-किरण चित्रे जितकी सापडतील तितकी आणावीत. कागद फाटलेला असला तरी चालेल, आधी कोणती कातडी वापरली गेली हे त्यावरूनच कळते. मूल लघवी करीत असताना मोबाइलवर धारेचे चित्रण करून आणल्यास तपासणीस मोठी मदत होते. केसपेपर काढताना खिडकीवर आजाराचे नाव मोठ्याने सांगण्याची आवश्यकता नाही. 'बालशल्य विभाग' एवढे सांगावे.